उचल, खाडा आणि सोशिकपणा

स्पर्धा परीक्षांचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : ऊसतोड कामगाराचा मुलगा फौजदार झाला, ऊसतोड मजुराची लेक डॉक्टर झाली. बातमीच्या शेवटी परिस्थितीनंच त्याला घडवलं, असं एखादं वाक्य असतंच. बातमी खोटी नसते आणि त्या मुलाचे कष्टही खोटे नसतात. पटत नाही तो निष्कर्ष. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात गेली. उसाच्या नोंदी, तोडणीचा प्रोग्रॅम, टोळ्यांचं वाटप, स्लिपा, काट्यावरच्या तक्रारी हे माझं रोजचं काम होतं. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, पाथर्डी अशा भागांतून आलेली माणसं दिवाळीच्या सुमारास फडात उतरायची आणि उन्हं तापेपर्यंत आमच्या हद्दीत असायची. त्यांच्या हालांबद्दल मला कुणी नव्यानं सांगायला नको. पण ते हाल त्यांना घडवतात असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फडाच्या बांधावर उभा असतो, हेही मी पाहिलं आहे. कष्टांत माणसाच्या हाती काहीतरी असेल, म्हणजे कसब असेल, हिशेब कळत असेल, वेळेला नाही म्हणायची सोय असेल, तर त्या कष्टांतून माणूस घडतो. हाती काहीच नसेल तर तो नुसता झिजतो. आणि झिजलेल्या माणसाकडे बघून आपण म्हणतो, काय सोशिक माणूस आहे.

आधी घडण्याबद्दल बोलतो, कारण ती खरी आहे. ऊसतोडीला अकुशल काम म्हणणाऱ्यानं एकदा एक सरी तोडून बघावी. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते आणि वर खुंट राहिला तर खोडवा नीट फुटत नाही. कमरेत वाकून डाव्या हातानं ऊस धरायचा, कोयता मुळालगत घालायचा, पाचट सोलायचं आणि कांडी जिथं कोवळी होते नेमकं तिथं वाढं उडवायचं. वाढं उसाला राहिलं तर कारखान्याचा उतारा पडतो, जास्त उडवलं तर शेतकऱ्याचं वजन जातं. तोडलेला ऊस ओळीनं पडला नाही तर मोळी बांधणाऱ्या बाईचे हेलपाटे वाढतात. ती वाढ्याचाच पिळा देऊन बंध करते, गुडघ्यानं दाबून मोळी आवळते आणि गाडी आली की ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढते. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला चढते, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटतं आणि साखरही. जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. मुरलेला तोडकरी फडाला एक फेरी मारून किती टन निघेल ते सांगतो आणि त्याचा अंदाज काट्याच्या फार जवळ येतो. ही नजर, ही हातातली काटकसर, नवराबायकोत न बोलता जमलेला कामाचा मेळ या सगळ्याला मी स्वभावाची घडण म्हणायला तयार आहे. अशा माणसाला भंपकपणा लगेच ओळखू येतो. काम नीट कशाला म्हणतात ते त्याला माहीत असतं, म्हणून तो दुसऱ्याच्या कामाचीही कदर करतो.

पण ही घडण कामातून आली. हाल त्याच्या सोबतीला आले एवढंच. तोच माणूस त्याच कसबानं सहा तास काम करून पक्क्या घरात झोपला असता तर त्याची नजर अधू झाली नसती. कोपीत झोपणं, थंडीत पहाटे तीनला उठणं, नळाशिवाय, संडासाशिवाय पाच महिने काढणं यातून कसब वाढलेलं मला कधी दिसलं नाही. कष्ट आणि हाल एकाच पोत्यात भरायची आपल्याला सवय लागली आहे. ती मोडल्याशिवाय या विषयावर धड बोलताच येत नाही.

आता हाती काही नसलेल्या बाजूकडे वळू. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. हंगामाआधी टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही असते आणि तिच्यात लग्न, आजारपण, घराचे पत्रे, आधीचं देणं असं सगळं आधीच खर्च झालेलं असतं. म्हणजे माणूस फडात येतो तोच कर्ज फेडायला. किती टन तोडला ते कारखान्याच्या काट्यावर ठरतं, त्यातून उचल किती फिटली ते मुकादमाच्या वहीत. काटा त्यानं पाहिलेला नसतो आणि वही वाचता येत नसते किंवा वाचायला मिळत नसते. हंगाम संपला तरी अंगावर बाकी राहते आणि ती बाकी पुढच्या वर्षीच्या फडाला बांधून ठेवते. यातली सगळ्यात निष्ठुर गोष्ट म्हणजे खाडा. जोडीतलं एक माणूस कामावर आलं नाही की त्या दिवसाचा खाडा पडतो, म्हणजे दंड कापला जातो. काही टोळ्यांत पाचशे रुपये, काही ठिकाणी त्याहून जास्त. ताप असो, पाळी असो, बाळंतपण जवळ आलेलं असो, वहीला त्याचं सोयरसुतक नसतं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली होती. साधारण सहांत एक. कारणं एकच नव्हती. कमी वयातली लग्नं आणि बाळंतपणं, उपचार न झालेले आजार, काही खाजगी दवाखान्यांनी घातलेली कॅन्सरची भीती हे सगळं होतं. पण पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही हेही होतं, आणि ते बायका स्वतः सांगत होत्या. या बाईला तापात मोळी उचलताना बघून कुणी तिच्या सहनशक्तीचे गोडवे गायले, तर तो खाड्याच्या रकमेला गुण समजतो आहे. तिच्यात सहनशक्ती नाही असं मी म्हणत नाही. ती किती आहे हे तपासायची संधीच या व्यवस्थेनं ठेवलेली नाही. बसून राहायची मुभा असताना जो उठतो त्याचं उठणं त्याच्या स्वभावातून आलं असं म्हणता येतं.

टोळ्याटोळ्यांतला फरक हा माझ्या म्हणण्याचा सगळ्यात जवळचा पुरावा. फड सारखाच, थंडी सारखीच, दर टनाला पैसेही तेच. पण ज्या टोळीत मुकादम पंधरवड्याला बसून हिशेब वाचून दाखवतो, चाऱ्याला विकलेल्या वाढ्याचे पैसे डोळ्यांसमोर वाटतो आणि आजारी माणसाची सरी बाकीच्यांनी ओढून घ्यायला आडकाठी करत नाही, तिथं माणसं एकमेकांना धरून असतात. कुणाच्या बाईला दिवस गेलेले असतील तर तिच्याकडे हलकं काम आपोआप येतं. दारू तिथंही असते, पण दिवसाढवळ्या नसते. आणि जिथं वही मुकादमाच्या खिशातून बाहेर येत नाही, तिथं वाढ्याच्या पेंढ्या चोरीला जातात, सरीच्या वाटपावरून सख्खे भाऊ कोयता उगारतात आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर मुकादमाचा माणूस असल्याचा संशय घेतो. हाल जर घडवत असते तर या दोन टोळ्यांतली माणसं सारखी घडली असती. ती तशी घडत नाहीत आणि फरक वहीपाशी निघतो.

शेतकऱ्यांची बाजूही मांडायला हवी, कारण ती बाजू घेऊन ते रोज शेतकी ऑफिसात येत. ऊस तोडायला आलेली टोळी खुशाली मागते. एकराला अमुक रक्कम द्या, नाहीतर उद्या कोयता लागणार नाही. ट्रकचा ड्रायव्हर एंट्री म्हणून पैसे मागतो ते वेगळेच. ऊस वाळत चाललेला, तुरा आलेला, प्रोग्रॅम पुढं सरकत चाललेला, शेतकरी देतो आणि शिव्या घालतो. वाहतूकदारांचं दुखणं याहून मोठं. त्यांनी दिलेली उचल घेऊन टोळी आलीच नाही, दोन ठिकाणी उचल घेतली, मुकादम पळाला, अशा तक्रारी दर हंगामात पोलीस ठाण्यांत पडतात आणि त्यांत कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेली पोरं उद्ध्वस्त होतात. परिस्थिती माणसाला प्रामाणिक करते, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी या तक्रारी वाचाव्यात. मी तोडकऱ्यांना बदनाम करायला हे लिहीत नाही. ज्याला वर्षभर कुणी ना कुणी अडवलेलं असतं, त्याच्या हातात आठ दिवस दुसऱ्याला अडवायची ताकद आली की तो ती वापरतो, एवढंच हे आहे. खुशालीची कला त्याला कुणी शिकवली असेल तर ती त्याच्या हालांनीच शिकवली.

इथं हमखास एक आक्षेप येतो. त्याच टोळीत, त्याच मुकादमाच्या हाताखाली एक जण खुशाली मागायला लाजतो आणि दुसरा निर्लज्जपणे मागतो, मग परिस्थितीला कशाला बोलता, माणसामाणसांत फरक असतोच. असतो, मला मान्य आहे. पण मग लाजणाऱ्याची लाज त्याच्याबरोबर गावाहून आली होती, फडानं ती दिली नाही. हा आक्षेप घेणारा नकळत माझ्याच बाजूला येतो. कठीण वेळी माणसाचा स्वभाव दिसतो हे खरं आहे. तो तिथं तयार होतो हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागेल. दुसरा आक्षेप म्हणीचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही म्हण सांगणाऱ्याला खाणीचा हिशेब माहीत नसतो. मूर्ती झाली ती पाथरवटाच्या हाताखाली, म्हणजे कुठं किती घाव घालायचा हे जाणणाऱ्याच्या हाताखाली. बाकीच्या दगडांवर सुरुंग लागला, त्यांची खडी झाली आणि ती रस्त्याखाली गेली. घाव त्यांनीही कमी सोसले नव्हते.

खडीचा विषय निघालाच आहे तर १९७२ च्या दुष्काळाकडे जायला हवं. मराठवाड्यातली ऊसतोडीची वाट त्या दुष्काळानं रुंद केली, आणि त्याच माणसांचा दुसऱ्या तऱ्हेच्या कष्टांशी संबंधही त्याच काळात आला. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. ऊन तेच, पोटात मिलो ज्वारी आणि सुकडी, हाताला फोड. हालांच्या मापानं बघाल तर ती कामं उसाच्या फडापेक्षा सुखाची नव्हती. पण तिथं हजेरीपत्रक होतं, कामाचं मोजमाप होतं, बाईची मजुरी तिच्या नावानं निघत होती, आणि मापात खोट निघाली तर तहसील कचेरीवर मोर्चा नेता येत होता. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना पुढे १९७७ साली कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. त्या कामांवर भ्रष्टाचार नव्हता असं कुणी म्हणणार नाही. खोटी हजेरी आणि चोरलेलं माप यांच्या कहाण्या गावोगाव आहेत. तरीही ज्या बायका घराबाहेर तोंड उघडत नव्हत्या त्या साहेबाला माप परत घ्यायला लावू लागल्या, गटानं बसून मजुरीचा आकडा काढू लागल्या, शेतमजुरांच्या संघटनांत पुढे आल्या. हे धाडस खडी फोडल्यानं आलं असेल तर खडी तर त्याआधीही लोक फोडत होते. माप चुकलं हे म्हणायला जागा होती आणि म्हटल्यावर कधी कधी ते दुरुस्त होत होतं, म्हणून ते धाडस टिकलं.

सुरुवातीच्या मथळ्यांचाही हिशेब याच नजरेनं करता येतो. ऊसतोड कामगारांची पोरं लाखोंनी. त्यांतली बरीचशी दिवाळीनंतर शाळेतून गळतात. आईबापांबरोबर फडावर जातात, धाकट्या भावंडाला सांभाळतात, थोडी मोठी झाली की मोळ्या बांधायला लागतात आणि बरोबरीची झाली की त्यांचा अर्धा कोयता होतो. लग्न झालं की एक कोयता पुरा. ज्यांची बातमी येते त्यांच्या घरात चौकशी केली तर बहुतेक वेळा एक आजी निघते, जी गावात मागं राहिली म्हणून पोर शाळेत राहिलं. नाहीतर आश्रमशाळा, हंगामी वसतिगृह, मामाचं घर, फी भरणारा गुरुजी यांपैकी कुणीतरी निघतं. म्हणजे फौजदार झालेला मुलगा फडाच्या हालांतून घडला यापेक्षा, ऐन शिकण्याच्या वयात त्याला फडापासून कुणीतरी वाचवलं, हे जास्त खरं आहे. आईबापाच्या कष्टांची जाणीव त्याला चिकाटी देते हे मी नाकारत नाही. ती जाणीव मोठी गोष्ट आहे. पण ती जाणीव त्याच्या फडातल्या चुलतभावालाही असते. त्याला आजी नव्हती.

सगळ्यात अवघड आक्षेप तोडकऱ्यांचाच आहे. म्हातारे तोडकरी अभिमानानं सांगतात, आम्ही हाल काढले म्हणून आम्ही ताठ आहोत, आताच्या पोरांना मोबाईलशिवाय काही सुचत नाही. ज्यानं सोसलं त्याच्या तोंडचं हे वाक्य, त्याला खोटं म्हणणारा मी कोण? पण माणूस बोलतो काय यापेक्षा तो निवडतो काय, हे बघावं. ज्याच्याकडे पर्याय आला, चार एकरांना पाणी लागलं किंवा पोरगं कुठं चिकटलं, त्यानं स्वतःच्या मुलाला घडवायला म्हणून फडावर धाडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. उलट एक वर्ष जास्त ऊस तोडीन पण पोर नेणार नाही, हेच ऐकायला येतं. शेतावर राबायला, गुरं सांभाळायला, घरचं काम करायला तो मुलाला लावतो, लावायलाच हवं. काम शिकवणं त्याला हवं असतं, हाल नको असतात. बागायती भागातले सधन पालक मात्र पोरांना जरा चटके बसू द्या म्हणतात. त्यांच्या मनातले चटके म्हणजे उन्हाळी शिबिरातले, ज्यांतून रविवारी घरी आणता येतं. तसे चटके उपयोगी असतील, मला हरकत नाही. फक्त त्यांचं नाव हालांना देऊ नये.

म्हाताऱ्यांच्या त्या ताठपणातही बघण्यासारखं काही आहे. हंगामाच्या तोंडावर कोयता बंद ठेवून दरवाढ मागायची रीत या माणसांनी घालून दिली. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते त्यातून पुढे आले, आणि साखर संघाला टेबलावर बसावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली तीही कोयता थांबण्याच्या धाकानंच. उभा ऊस वाळतो आहे आणि कारखान्याची गव्हाण रिकामी फिरते आहे, या एकाच वेळी तोडकऱ्याच्या हातात खरी सत्ता असते. म्हातारा ज्या ताठपणाबद्दल बोलतो तो बहुधा या दिवसांतला असतो, आणि सांगताना तो तापात उचललेल्या मोळ्यांवर जमा करतो.

आता हार्वेस्टर आले आहेत आणि दर हंगामात वाढत आहेत. कष्टच गेले तर माणसं ढिली पडतील, ही चिंता मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकली आहे. केबिनमध्ये बसलेला ऑपरेटर त्याच तालुक्यांतला पोरगा असतो. ऊस किती खालून घ्यायचा, पंखा किती ठेवायचा, ओली सरी कुठं टाळायची यात त्याचंही कसब लागतं, आणि त्याच्या स्वभावाला काही झाल्याचं दिसत नाही. चिंता करायची तर वेगळी करावी. यंत्राला रुंद सरी लागते, मोठा सलग फड लागतो आणि उभा ऊस लागतो. पाऊसवाऱ्यानं लोळलेला, अरुंद सरीचा, बांधाबांधांत कोंडलेला गुंठ्यांचा ऊस कोयत्यालाच राहणार आहे. म्हणजे तोडायला सोपा ऊस यंत्राकडे जाईल आणि दिवसाला टनभरही न भरणारा ऊस उरलेल्या टोळ्यांच्या वाट्याला येईल, दर मात्र टनावरच राहील. उचल तेवढीच, खाडा तेवढाच. लोळलेल्या उसाला वेगळा दर, तोडकऱ्याच्या हातात काट्याची पावती आणि आजारपणाचा खाडा माफ, एवढं तरी पुढच्या करारात लेखी यायला हवं, आणि ते मागायची वेळ गव्हाण रिकामी फिरते आहे तोवरच आहे.